टोझरची जाहीर माफी

हेदरकोम, १२ नोव्हेंबर १६२७

ॲम्ब्रोजदादा,

तू पाठवलेला खोगिराचा पट्टा मिळाला. बरोबर तुझा उपदेशही मिळाला, की विधवा बाईनं दारूचं घर चालवणं शोभत नाही. पट्टा चांगला आहे. उपदेश परत पाठवत नाही, कारण गाडीवाला वजनावर पैसे घेतो.

काल सेंट मार्टिनचा सण होता. सणाला सगळं गाव माझ्याकडे येतं. आमचं गाव म्हणजे तुला माहीतच आहे, पाच-पंचवीस थोबाडं आणि त्यांत मिळून एक अक्कल, आणि ती ज्याच्याकडे असते तो नेमका त्या दिवशी आलेला नसतो.

बार्नबी चग शिंपी दुपारपासून चुलीजवळचा बाक अडवून बसला होता. गिल्बर्ट टोझर, तो पिंपं बनवणारा, नंतर आला. त्याला ती जागा हवी होती. पण सणाचा दिवस, म्हणून त्यानं मोठं मन केलं, पेला उचलला, "चग, हे तुझ्या नावानं," म्हणाला आणि अर्धा प्यायला. नावानं प्यायलं की समोरच्यानं त्याच पेल्यातून उलट घोट घ्यायचा, नाही तर भर सभेत थोबाडीत मारल्यासारखं होतं. हे इथल्या पोरांना चालायच्या आधी कळतं. पण आमच्या शिंप्यानं पेल्याच्या काठाकडे पाहिलं, बाहीनं काठ पुसला आणि परत पाहिलं.

"काय बघतोस? विष घातलंय?" टोझर म्हणाला.

"विष असतं तर प्यायलो असतो. तुझी लाळ आहे."

"लाळ! अरे दीड वितीच्या शिंप्या! तुझ्या आईनं तुला उरलेल्या तुकड्यांतून बेतला, आणि तू मला नावं ठेवतोस?"

"मी कापड मारतो, कबूल. पण माझं शिवलेलं पाणी तरी धरतं. तुझ्या पिंपांत ठेवलेलं माझ्या मेव्हण्याला अजून सापडलं नाही."

"तुझ्या दातांत शेण!"

"माझ्याकडे दात तरी आहेत."

"घरी जा रे, घरी जा! बायकोनं दुसरा गाठून तुझ्या कपाळावर शिंगं बसवली असतील. शिंप्याचं घर, मापं द्यायला गडी येतच असतात!"

यावर चगनं पेला टोझरच्या तोंडावर फेकला. टोझरचं मला काही नाही, पण दारू ताजी उतरवलेली होती. मी मधे पडले आणि टोझरला म्हटलं, "गिल्बर्ट, पुरे. आता तुला थेंब मिळणार नाही. घरी जा."

तर तो माझ्यावर उलटला. टेबलावर हात आपटून ओरडला, "तू मला घालवतेस? तुझा नवरा गाड्या घेऊन प्लिमथला गेला होता, तेव्हा कल्हईवाला आला, भांडी झाळून गेला आणि तुझी ती विल्मट मागे ठेवून गेला! नवऱ्याची, एन्डकॉटची म्हणे पोर! तिचं नाक बघ!"

सगळे हसले. मीही हसले. इतक्या वर्षांत मला रांड, कुंटीण, पाणी विकणारी, सैतानाची सासू असं बरंच काही म्हणून झालंय. कल्हईवाला तेवढा नवीन होता. आज सकाळी टोझर माझ्या अंगणात आपली टोपी शोधत होता. काय बोलला ते त्याला आठवत नव्हतं, आणि टोपी डोक्यावरच होती.

आता खरी बातमी. तुझ्या भाचीचं ठरलं. गिरणीवाल्या हॅनफर्डचा सायमन. त्यानं विल्मटला वचनाचे हातमोजे दिले, बोलणी झाली, ईस्टरनंतर लग्न. सायमनची आई सोवळी बाई, बायबल काखेत घेऊनच झोपते. दारूच्या घरातली सून तिला नकोच होती. पण सायमन जेवेना, तेव्हा तिनं ती देवाची इच्छा मानली. विल्मट दिवसभर गाते. भसाडी गाते, पण ऐकते मी.

थॉमसिन


एक्झेटर, २१ नोव्हेंबर १६२७

थॉमसिन,

तुझं पत्र मी दुकानाचं दार लावून वाचलं, आणि मग परत वाचलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. एक पिंपवाला भर घरात तुला व्यभिचारी म्हणतो, आपल्या विल्मटला हरामाची म्हणतो, आणि तू हसलीस!

त्या माणसांची किंमत मला सांगू नकोस. ती म्हणजे पिंपाच्या तळाचा गाळ. पण गाळ ढवळला की वर येतो. तुझी सोवळी गिरणीवाली आज काही ऐकत नाही, उद्या ऐकेल. ती तुला एकच विचारेल, "हे खोटं होतं, तर तू दावा का केला नाहीस?" सांग, काय उत्तर देशील? गप्प बसणं म्हणजे कबुली.

असल्या शिव्यांचे दावे इथं बिशपच्या कोर्टात चालतात. मी वकील गाठला आहे. खर्च माझा. मात्र एक गोष्ट कोरून ठेव. निकाल लागेपर्यंत टोझरबरोबर घोटभरही प्यायची नाहीस. शिवी देणारा आणि खाणारा एका पेल्यातून प्यायले की शिवी माफ झाली असं कोर्ट धरतं, आणि दावा जागच्या जागी मरतो. तुमच्या गावात माणसं सकाळी एकमेकांचं डोकं फोडतात आणि संध्याकाळी एका मडक्यात तोंड घालतात, म्हणून मुद्दाम लिहितो.

खोगीरवाल्यांच्या संघाचा मुख्य म्हणून यंदा माझं नाव पुढे आहे. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

तुझा भाऊ,
ॲम्ब्रोज लस्कम


हेदरकोम, १० डिसेंबर १६२७

दादा,

संबंध नाही असं तू लिहिलंस, तेव्हा मला कळलं की आहे.

टोझर आला होता. चग आणि तो चौथ्या दिवशीच एका पेल्यातून प्यायले, आणि आता त्याच बाकावर मांडीला मांडी लावून पाद्रीबुवांच्या घोड्याला नावं ठेवत असतात. चगनंच त्याला आठवण करून दिली, की अरे, तू थॉमसिनला काय बोललास! मग शेजाऱ्यांनी ढोसून ढोसून काल, रविवारी, चर्च सुटल्यावर त्याला माझ्याकडे आणलं. मान धुऊन आला होता. ती मान गोरी आहे हे गावाला काल कळलं.

सगळ्यांसमोर त्यानं माझ्याच दारूचा पेला माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "थॉमसिनबाई, मी डुक्कर आहे."

"हे मला माहीत होतं," मी म्हटलं.

"मी ते बोललो म्हणतात. खोटं बोललो. कोण कल्हईवाला, मी बघितला पण नाही. तुझ्या नावानं पितो. तू माझ्या नावानं पी, आणि सोड."

तो प्यायला. पेला माझ्या हातात दिला. दादा, मी तो ओठांपर्यंत नेला होता. एक घोट घेतला असता तर गोष्ट तिथंच बुडाली असती. आमच्याकडे शब्द असेच बुडवतात, आणि आमचे शब्द बुडवण्याच्याच लायकीचे असतात. पण तुझं ते वाक्य घशात अडकलं. गप्प बसणं म्हणजे कबुली. हॅनफर्डबाईचं तोंड डोळ्यांपुढे आलं. मी पेला खाली ठेवला.

"पीत नाहीस?"

"नाही."

"मग मी काय करू?"

"माझा भाऊ सांगेल."

गिल्बर्ट टोझर मला कधी माणूस वाटला नव्हता. काल घटकाभर वाटला. मग त्यानं उरलेला पेला एकट्यानं संपवला आणि नेहमीसारखा दिसू लागला.

कर तुझा दावा. पण लवकर संपव. विल्मटला यातलं काही ठाऊक नाही. त्या दिवशी ती गिरणीवर होती, कालही होती, आणि ज्यांनी ऐकलं त्यांनी दारूतलं बोलणं म्हणून सोडून दिलं. ती मला विचारते, टोझरकाका अलीकडे मान खाली घालून का येतात? मी म्हणते, दारूची थकबाकी असेल.

थॉमसिन


एक्झेटर, १६ फेब्रुवारी १६२८

थॉमसिन,

जिंकलो! पण तुझ्या साक्षीदारांनी माझी जी शोभा केली, ती आधी ऐक.

चग आणि दुसरे दोघे माझ्याकडे उतरले. पहिल्याच दिवशी दुकानातल्या एका खुर्चीवरून त्यांचं जुंपलं, की कोणाचा बाप कोणाच्या बापापेक्षा बरा होता. तिघांचेही बाप मला आठवतात. एकही बरा नव्हता. मग चगनं खिडकीतून माझ्या शेजाऱ्याला "मेणचोर" म्हणून हाक मारली. शेजारी मोठ्या चर्चला मेणबत्त्या पुरवतो. तोही आमच्या संघात आहे आणि मला मत देणार होता.

कोर्टात वकिलानं चगला विचारलं, "टोझर थॉमसिन एन्डकॉटला काय म्हणाला?" चग म्हणाला, "साहेब, मला दीड वितीचा म्हणाला." परत विचारलं. म्हणाला, "उरलेल्या तुकड्यांतून बेतलेला म्हणाला, साहेब, माझ्या आईला!" आणि रडायला लागला. लिहून घेणारा कारकून टेबलाखाली वाकून हसत होता. शेवटी चगच्या तोंडून तुझा कल्हईवाला बाहेर निघाला. दुसऱ्या दोघांनीही तेच सांगितलं. टोझरनं काही नाकारलं नाही. मठ्ठासारखा उभा राहून म्हणाला, "बोललो असेन. मी पेला पण नेला होता." न्यायाधीशांनी विचारलं, बाई प्यायली का? नाही, म्हणाला. संपला दावा.

शिक्षा अशी. ९ मार्चच्या रविवारी, तुमच्या चर्चमध्ये, भर प्रार्थनेच्या वेळी, टोझरनं अनवाणी, अंगावर पांढरी चादर घेऊन, हातात पांढरी काठी धरून, सगळ्या गावासमोर माफी मागायची. मी जातीनं येणार आहे. संघाचे दोन वडीलधारे सदस्यही बरोबर आणतो. आपल्या घराण्याचं नाव कसं धुतलं जातं ते त्यांनी पाहिलेलं बरं.

ॲम्ब्रोज


हेदरकोम, २४ फेब्रुवारी १६२८

दादा,

घाईत लिहिते आहे. हे पत्र नेणारा माणूस दारात उभा आहे.

पाद्रीबुवांनी आज कोर्टाचा कागद मला वाचून दाखवला. नुसतं "माफ करा" म्हणायचं नाहीये. टोझरनं काय म्हटलं होतं ते शब्दाला शब्द म्हणायचं आहे. प्लिमथ, कल्हईवाला, विल्मटचं नाव, सगळं. आणि टोझरला वाचता येत नाही, म्हणून आधी पाद्रीबुवा म्हणणार, मागून टोझर. म्हणजे दोनदा!

तुला हे माहीत होतं का? दादा, जे बारा दारुड्यांनी ऐकलं आणि झोपेत घालवलं, ते आता आजूबाजूच्या वाड्या धरून चारशे माणसं शुद्धीत ऐकणार. हॅनफर्डबाई पुढून तिसऱ्या रांगेत बसते. विल्मट तिच्या शेजारी बसते, हल्ली सासू तिला जवळ बसवून घेते.

पाद्रीबुवा म्हणतात, कोर्टानं परवानगी दिली तर हे त्यांच्या घरी, चार माणसांसमोर उरकता येतं. असं पुष्कळदा करतात. तू आजच्या आज वकिलाकडे जा. आयुष्यात तुझ्याकडे काही मागितलं नाही. हे मागते.

थॉमसिन


एक्झेटर, १ मार्च १६२८

थॉमसिन,

घाबरू नकोस. बायका ऐन वेळी कच खातात हे वकील म्हणालाच होता.

शब्द म्हणावेच लागतात, नाही तर लोकांना कळणार कसं की खोटं काय होतं? बंद दाराआड घेतलेली माफी म्हणजे चोरीचा माल. खरं सांगायचं तर कोर्ट पाद्रीबुवांच्या घरी तयार होतं, मीच उभा राहून म्हटलं, चर्चमध्येच हवी. न्यायाधीशांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

त्या दिवशी काळा झगा घाल. आणि दारूचं घर सकाळी बंद ठेव. पाहुण्यांना वास येऊ नये.

ॲम्ब्रोज


एक्झेटर, १५ मार्च १६२८

थॉमसिन,

काम फत्ते झालं. माझ्याबरोबरचे दोघेही प्रभावित झाले. एक म्हणाले, "लस्कम, आपल्या रक्तासाठी असं उभं राहणारा माणूस विरळा." परवा संघानं मला मुख्य निवडलं. मेणवाल्यानंसुद्धा हात वर केला.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. तू आम्हाला जेवायलासुद्धा थांबवलं नाहीस. चर्चमधून अशी निघालीस की जणू आग लागली होती. विल्मटला मी हाक मारली, तिनं वळून पाहिलं नाही. मुलीच्या जातीला एवढा ताठा बरा नव्हे. तिचं नाव साफ केलं म्हणून मामाच्या पाया पडायला हवं होतं. आनंदानं गोंधळली असेल म्हणून मी सोडून दिलं.

लग्नाचा दिवस कळव. नव्या झग्यात येईन.

तुझा भाऊ,
ॲम्ब्रोज लस्कम,
मुख्य, खोगीरवाल्यांचा संघ


हेदरकोम, ३० मार्च १६२८

मुख्यसाहेब,

तू पुढच्या बाकावर बसला होतास, म्हणून तुला फक्त टोझर दिसला. मागे काय होतं ते मी सांगते.

चर्च इतकं भरलं होतं की नाताळालाही भरत नाही. जे कधी देवाच्या दारात आले नाहीत तेही आले होते, लवकर येऊन जागा धरून. टोझरला चादर कमी पडली. ती चगनं जोडून दिली होती आणि टाके वाकडे होते. खाली केसाळ नडग्या. एरवी मी हसून मेले असते.

पण टोझर शुद्धीत होता, दादा. त्याचा आवाज एवढा स्वच्छ आहे हे मला माहीतच नव्हतं. आधी पाद्रीबुवांनी, त्या शिकलेल्या आवाजात, बायबलातल्या वचनासारखं सावकाश म्हटलं, "कल्हईवाला आला आणि ती विल्मट मागे ठेवून गेला." मग टोझरनं म्हटलं. माझ्या घरी त्या वाक्यावर सगळे हसले होते. चर्चमध्ये एकही माणूस हसला नाही. तिथंच मला कळलं की गेलं. जे हसून सोडतात ते कोणी खरं मानत नाही. तू त्याला चादर नेसवलीस, काठी दिलीस आणि देवासमोर उभं केलंस.

पुढचं "हे मी खोटं बोललो, मला क्षमा करा" त्यानं म्हटलं, दोनदा म्हटलं. पण तोवर सगळ्या माना वळल्या होत्या. लोक विल्मटचं नाक बघत होते.

हॅनफर्डबाईनं बायबल मिटलं. उठली, सायमनच्या दंडाला धरलं आणि बाहेर गेली. तो गेला. वळून पाहिलं त्यानं, एवढं त्याच्या बाजूनं लिहिते. चौथ्या दिवशी त्यांची मोलकरीण वचनाचे हातमोजे परत मागायला आली. मी गिरणीवर गेले. त्या बाईसमोर कधी वाकले नव्हते, ती वाकले. म्हटलं, कोर्टानं खोटं ठरवलं आहे, कागद आहे माझ्याकडे. ती म्हणाली, "थॉमसिनबाई, गावात रोज शंभर खोटी बोलणी होतात. त्यांच्यासाठी कोणी बिशपपर्यंत जात नाही. तुम्हाला एवढं का झोंबलं?"

सांग, काय उत्तर द्यायचं? तू वकील लावून विचार.

त्याच संध्याकाळी मी टोझरला बोलावलं, पेला भरला आणि त्याच्या नावानं प्यायले. तो लहान पोरासारखा रडला, आणि मग नाक चगच्या बाहीला पुसलं. ही माणसं गाळ आहेत, तू म्हणालास ते खरंच आहे. मी रोज त्यांच्यात उभी असते, मला तुझ्याहून जास्त माहीत आहे. पण त्यांची घाण त्यांच्या तोंडातून निघते आणि सकाळपर्यंत वाळते. तुझी तशी नाही. तू स्वच्छ धुतलेल्या हातांनी माझ्या मुलीला चव्हाट्यावर नेलंस, आणि परत जाताना जेवायला मागितलंस. टोझरला मी माफ केलं. तुझ्यासाठी माझ्या घरी पेला नाही. येऊ नकोस.

विल्मट जूनमधल्या सेंट जॉनच्या सणानंतर ब्रिस्टलला नोकरीला जाते आहे. तिचं तिनंच ठरवलं. गाणं थांबलं आहे. इतके दिवस ती नुसती मडकी घासत राहिली. काल दुपारी घर रिकामं होतं. पाठमोरी राहूनच तिनं विचारलं, "आई, खरं होतं का ते?"

दादा, मला अख्ख्या गावानं काय काय म्हटलं आहे. कधी डोळ्यांत पाणी आलं नाही. मी तिच्यासमोर जाऊन बसले, तिचे ओले हात धरले आणि म्हटलं, "नाही गं. देवाशपथ नाही. तू तुझ्या बापाचीच."

"बरं," ती म्हणाली.

माझ्या घरी येणारे दारुडे उठताना म्हणतात, "थॉमसिन, आता घरीच जातो, वाटेत कुठे थांबत नाही." त्यांना मी ज्या आवाजात "बरं" म्हणते, त्याच आवाजात.

थॉमसिन